अण्णांचं पतधोरण

मोशीत आम्ही भाड्याने राहायला गेलो त्याच सकाळी घरमालक अण्णा दार वाजवून आत आले, थेट स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हितं आमचा कांदा व्हायचा." बिल्डरने त्यांची सगळी जमीन घेऊन बदल्यात फ्लॅट दिले होते. बाकीचे मुलांच्या नावावर होऊन बहुतेक विकलेही गेले. अण्णा थोरल्याकडे वरच्या मजल्यावर राहत. त्यांच्या स्वतःच्या नावावर एवढा एकच उरला होता आणि त्यात आम्ही होतो.

तोही विकायला काढलेला होता. थोरल्याला भोसरीतल्या वर्कशॉपसाठी नवं मशिन घ्यायचं होतं. मला तर तो फ्लॅट हवाच होता. चाकणच्या कंपनीत मी कायम झालो तरी बायको लातूरहून आणलेली भांडी खोक्यांतून काढायला तयार नव्हती. स्वतःच्या घरातच काढीन म्हणायची. पण तेव्हा घरांचा बाजार बसला होता. इंद्रायणीपर्यंत रिकाम्या इमारती उभ्या होत्या, आणि या मंदीला जबाबदार कोण हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं: मुंबईतली मोठी बँक, जी साऱ्या बँकांचे व्याजदर ठरवते.

दर दोन महिन्यांनी हे दर जाहीर होत, त्या सकाळी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आमच्या टीव्हीपुढे येऊन बसत. त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, वरखर्च ठेवीच्या व्याजावर चाले, त्यामुळे दर कमी व्हावा अशी प्रार्थना त्यांच्या घरात करायची सोय नव्हती. मोठ्या बँकेचे गव्हर्नरसाहेब इंग्रजीत बोलत. अण्णांना त्यातला आकडा तेवढा कळे, पण तेवढा त्यांना पुरायचा.

"पाव-पाव टक्क्यानं काय हुतंय? गिऱ्हाईक हुशार हाय. आज पाव उतरला म्हंजे उद्या आणिक उतरंल म्हणतंय, आन् बसतंय घरी. कमी करायचा तर एकदाच दणकून करावा, आन् सांगून टाकावं, आता न्हाई."

कंपनीतल्या अकाउंट्सच्या साहेबांचं ऐकून मी एकदा सांगून पाहिलं, की दर एकदम उतरवले तर महागाई भडकते. बँकेला घरांबरोबर भाजीबाजारही बघावा लागतो. अण्णा म्हणाले, भाजी पिकवायला रान ठेवलंय कुठं.

गंमत अशी, की स्वतःच्या फ्लॅटची किंमत अण्णा अगदी मोठ्या बँकेच्याच पद्धतीने उतरवायचे. पाडव्याला थोडी, दसऱ्याला थोडी. आलेलं गिऱ्हाईक चहा पिऊन पुढच्या सणाची वाट बघत निघून जाई. मीही त्यातलाच. त्यांची किंमत उतरेल म्हणून मी थांबलो होतो आणि बँकेचा दर उतरेल म्हणून ते. थोरला आम्हा दोघांवर चिडून होता.

मग एके सकाळी गव्हर्नरसाहेबांनी खरंच एकदम अर्धा टक्का उतरवला आणि आडून सुचवलंही, की आता पुढे फारसा वाव नाही. शब्दन् शब्द अण्णांचा. मी कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं, तर ते उठून चपला घालत होते. संध्याकाळी पेढे आणि विसाराचे पैसे घेऊन आम्ही नवराबायको वर गेलो. अण्णांनी पेढा घेतला आणि पैशांचं पाकीट माझ्याकडे परत सरकवलं.

"थांब की जरा. आणिक उतरत्याल."

विकणारा घेणाऱ्याला थांब म्हणतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. एकदाच दणकून म्हणणारे तुम्हीच ना, असं मी विचारलं. त्यांनी खिडकीबाहेरच्या इमारतींकडे बोट केलं.

"व्हय, म्हणायचो. पर ह्यो दिला की मोशीत माझं काय ऱ्हातंय रं?"

इतकी वर्षं मोठ्या बँकेने या माणसाची केवढी सोय केली होती, ते मला तेव्हा कळलं. वाईट वाटलं, आणि थोडं हसूही आलं. पाकीट खिशात घालून आम्ही खाली आलो.

त्याच हिवाळ्यात अण्णा झोपेतच गेले. तेरावं झाल्यावर थोरला आमच्याकडे आला. त्याने किंमत एकदम उतरवून सांगितली, आणि उद्याच करार करू म्हणाला. मी बायकोकडे पाहिलं. तीच पुढे झाली.

"दादा, वर्षश्राद्ध होईपर्यंत असू द्या त्यांच्याच नावावर. आम्ही कुठं जात नाही."