पाळीच्या यादीत नाव

चंदगडच्या स्टँडवर माझ्या वडिलांनी, आबांनी, एसटीच्या खिडकीतून माझी पिशवी आत दिली आणि म्हणाले, "कुठंबी रहा, मताला मातूर येत जा." माझ्याजवळ नवं लायसन होतं आणि गोव्यात खाणींवर ड्रायव्हर हवेत एवढीच बातमी. तिलारीचा घाट उतरलो आणि पाळी नावाच्या गावात येऊन खनिज वाहणाऱ्या टिपरवर ड्रायव्हर म्हणून बसलो.

आबांचा शब्द मी पाळला. ते गेल्यावरही पाळला. लग्न झालं, सुनंदा पाळीला आली, मधली काही वर्षं खाणी बंद राहिल्या तेव्हा मी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, पण प्रत्येक मतदानाला आम्ही दोघं गावी गेलो. बोटाला शाई लावून परत यायचं. त्यात आपलं देशाचं कर्तव्य झालं, असं मला मनापासून वाटायचं.

खाणी पुन्हा सुरू झाल्या तोवर आमची मुलगी शाळेत जायला लागली होती. ज्या रस्त्याने ती चालत जायची, त्याच रस्त्याने आमचे भरलेले टिपर जायचे. एका सकाळी आरशात पाहिलं, तर माझ्याच गाडीच्या धुळीत ती तोंडावर रुमाल धरून गटाराच्या कडेला उभी होती.

पुढच्या रविवारी पंचायतीत ग्रामसभा होती. शाळेच्या वेळेत टिपर थांबवा, असं सांगायला मी उठलो. माझं नाव इथल्या मतदारयादीत नाही, त्यामुळे माझं म्हणणं लिहून घेता येणार नाही, असं पंचायतीच्या सचिवांनी शांतपणे सांगितलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या घरमालकीण शेवंताबाय माझा हात धरून मला खाली बसवत म्हणाल्या, "नांव जंय आसा, थंय उलय बाबा."

नाव जिथं आहे तिथं बोलायचं, तर नाव चंदगडकडे; पण तिथल्या रस्त्याबद्दल मी काय बोलणार होतो? इतकी वर्षं मी तिथला सरपंच निवडत होतो आणि तिथला नळ कधी येतो हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

नाव हलवायचा अर्ज भरून ठेवला आणि त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. माझा थोरला भाऊ ग्रामपंचायतीला उभा राहत होता. "तुमची दोघांची नावं हायत न्हवं अजून? सुनंदाला घेऊन ये," म्हणाला. अर्ज महिनाभर थांबवता आला असता. मी सुनंदाला विचारलं. ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "निवडून द्यायचं आपण, आणि निभवायचं तिथल्या लोकांनी. हे बरं का?"

दुसऱ्या दिवशी बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं काम बघणाऱ्या अंगणवाडीच्या बाईंकडे आम्ही दोघांचे अर्ज दिले. दादाला मी स्वतः फोन करून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. निवडणुकीत तो थोडक्यात पडला. आमच्या दोन मतांनी काही बदललं नसतं, पण मला ती दोन मतं बरेच दिवस टोचत राहिली.

पुढच्या ग्रामसभेत मी पुन्हा उठलो. या वेळी सचिवांनी लिहून घेतलं. फेऱ्या कमी होतील म्हणून माझ्याच धंद्यातले लोक चिडले. दोन-तीन सभा गेल्या आणि ठरलं. आता सकाळ-संध्याकाळ शाळेच्या वेळेत आम्ही टिपर झाडाखाली उभे करतो आणि सोबत चहा घेतो. चिडलेलेही घेतात.

चतुर्थीला गावी गेलो तेव्हा दादा पहिला दिवस बोललाच नाही. दुसऱ्या दिवशी पत्रावळीवर वाढता वाढता त्याने विचारलं, "तिथं ऐकत्यात का तुझं?" ऐकतात म्हटल्यावर त्याने माझ्या पानात आणखी एक मोदक ठेवला.

गावी राहिलेल्यांनो, आम्हाला पाहुणे म्हणा, वाईट वाटणार नाही. आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, जिथे राहता तिथल्या यादीत तुमचं नाव आहे का, एकदा बघा. परवा आमच्या दारात पाळीतल्याच एका वस्तीवरची बाई आली. "तुमी सभेंत उलयतात न्हय? आमच्या वाटेर दिवो ना, तें सांगात," म्हणाली. मी तिला बसायला सांगितलं आणि वाटेवरच्या दिव्याचं लिहून घ्यायला कागद शोधत आत गेलो. इतक्या वर्षांत पाळीत माझ्या दारी कुणी तक्रार घेऊन पहिल्यांदाच आलं होतं. सुनंदाने तिच्यासाठी चहा टाकला.