बर्नरची पेन्शन आणि वडस्याचा खलनायक

"साहेब, मले मोकळं करा! पेन्शन चालू करून द्या," दयारामभाऊ खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. "मले खलनायक भेटला!"

मी घुग्घुसकडच्या एका सिमेंट कारखान्यात पर्सोनेल डिपार्टमेंटला आहे. पीएफ आणि पेन्शनची कामं माझ्याकडे. दयारामभाऊ आमचे बर्नर. चुनखडी भाजायची लांबलचक फिरती भट्टी म्हणजे किल्न, आणि कंट्रोल रूममध्ये बसून ती सांभाळणारा तो बर्नर. चांगला बर्नर सहज मिळत नाही.

दयारामभाऊ आरमोरीकडचे, वय चौपन्न. दर हिवाळ्यात त्यांची सगळी रजा नाटकात जायची. धान निघालं की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या पट्ट्यात, गावोगावी नाटकं लागतात, ती होळीपर्यंत चालतात. इतकी वर्षं यांच्या वाट्याला हवालदार नाहीतर पोस्टमन. या वेळी वडस्याच्या एका नाटक कंपनीनं अख्ख्या हंगामासाठी मुख्य खलनायक देऊ केला होता.

"अठ्ठावन्नपर्यंत थांबलो तं हा आवाज राहीन का?" ते म्हणाले. "तवा मले सासऱ्याचाच रोल देतीन."

मला हसू आलं, पण सकाळीच प्लांट हेडचा फोन येऊन गेला होता. "दयाराम सोडतोय म्हणे. माझ्याकडे दुसरा माणूस नाही. त्याला जरा नियम समजावून सांगा." त्या 'जरा'चा अर्थ मला बरोबर कळला होता.

मी समजावलं. आपली पूर्ण पेन्शन अठ्ठावन्नला सुरू होते. नोकरी सोडली असेल तर पन्नाशीनंतर आधीही मागता येते, पण जितकी वर्षं आधी, तितक्यांदा चार टक्क्यांची कात्री. ती कात्री जन्मभराची. एकदा सुरू केली की परत फिरता येत नाही. मागं बायको राहिली तर तिच्या पेन्शनलाही झळ.

बायकोचं नाव निघालं तसा त्यांचा चेहरा उतरला. "शकुनच्या ताटातलं काढून मी घरातच खलनायक व्हावं का?" असं म्हणून ते उठले आणि ड्यूटीवर गेले.

मी बोललो त्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त एक गोष्ट मी बोललोच नाही. प्लांट हेडना 'थांबतील' असा मेसेज केला, त्यांनी अंगठा पाठवला. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

चार-पाच दिवसांनी दुपारी शकुनबाईंचा फोन आला. नंबर त्यांनी दयारामभाऊंकडूनच कधीतरी घेतलेला.

"साहेब, घरचा माणूस बोलूनच नाई राह्यला. जेवते अन् भितीकडं पाहात राह्यते. वडस्याचे निर्माते म्हणतेत, आज तालमीच्या आधी हो-नाई सांगा, नाईतं दुसरा घेतो."

"बाई, पेन्शन कमी होईल ना..."

"मंग नका उचलू ना पेन्शन! पेन्शन उचलल्याबिगर नोकरी सोडताच येत नाई का?"

मी टेबलावरची फाईल बाजूला सरकवली.

"येते का नाई येत, साहेब?"

"येते, बाई."

"मंग हे त्याईले काऊन नाई सांगतलं?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. "आत्ता सांगतो," एवढंच म्हणालो आणि हेल्मेट घालून पळत सुटलो. पंधरा वर्षांत प्लांटमध्ये मी कधी धावलो नव्हतो. सिक्युरिटीवाल्याला वाटलं ॲक्सिडेंट झाला.

कंट्रोल रूममध्ये वेगळाच गोंधळ. भट्टीच्या आतला थर निखळून पडला होता, स्क्रीनवर तांबडे आकडे उड्या मारत होते. "कोळसा कमी कर! फॅन पाहा फॅन!" दयारामभाऊ उभ्या उभ्या ओरडत होते. मी दारात धापा टाकत उभा. एकीकडे भट्टी, दुसरीकडे वडस्याची तालीम, आणि तोंड उघडायची सोय नाही. शेवटी आकडे शांत झाले. भाऊ खाली बसले.

"भाऊ, माझं चुकलं," मी म्हणालो. "नोकरी सोडायची आणि पेन्शन घ्यायची, ही दोन कामं वेगळी आहेत. आज सोडा. पेन्शन अठ्ठावन्नला मागा. नोकरीची चार वर्षं कमी भरतील, तेवढा हिशेब कमी बसेल. पण कात्री लागणार नाही. मधली चार वर्षं मात्र धान, पीएफ आणि नाटकावर काढावी लागतील. ते तुम्ही आणि बाईंनी ठरवा."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "हे तुमाले त्या दिवशी मालूम होतं?"

"होतं."

"तं खलनायक तुमीच करा ना, बाप्पा!"

कंट्रोल रूममधली पोरं खो-खो हसली. भाऊंनी आधी घरी फोन लावला. "शकुन, चार वर्षं काढशीन का?" पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण भाऊंनी लगेच वडस्याचा नंबर फिरवला आणि स्पीकर लावला.

"आता फोन करून राह्यला का?" निर्माते भडकले. "दुसरा माणूस दारात उभा आहे. आवाज बसला तं नाई ना तुहा?"

दयारामभाऊ खुर्ची मागे ढकलून उठले. "ए सरपंचा! या गावात सूर्यबी मले इचारून उगवते!" आणि असे हसले की काचा हादरल्या असं वाटलं. कंट्रोल रूममध्ये टाळ्या, शिट्ट्या. फोनमधून आवाज आला, "सांजच्याले पोहोच!"

मी वळलो तर दारात प्लांट हेड. "हे नियम समजावलेत तुम्ही?"

"आज पूर्ण समजावले, सर."

दयारामभाऊंनी नोटीस पिरियड यंदाच्या नाटकांसाठी राखलेल्या रजेतून भागवला. पहिला प्रयोग बघायला मी आरमोरीला गेलो. पडदा उघडून थोडा वेळ झाला आणि खलनायक आला. बायकांनी बोटं मोडून शिव्या घातल्या. शकुनबाई माझ्या पुढच्या रांगेत होत्या. सगळ्यात मोठी शिवी त्यांचीच.

नवा बर्नर यायला वेळ लागला, तोवर किल्न दोनदा बंद पडली. माझ्या अप्रेझलमध्ये 'टीम स्पिरिट कमी' असा शेरा आला. तो योग्यच आहे. पेन्शन आधी घ्यावी की थांबावं, असं कोणी विचारायला आलं की मी आता दार लावून घेतो, मोबाईल सायलेंटवर टाकतो आणि मगच बोलायला लागतो.