‘येते’ न म्हणता

तिरुवल्लिकेणीत आम्ही ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचो, त्या घरमालकीणबाईंना सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून मीही. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. माझी बँकेतली बदली, नवरा दिवसभर अंबत्तूरच्या कारखान्यात, आणि माझं तमिळ म्हणजे आनंदीआनंद! पोटभर बोलायला माणूस एकच, खाला. त्यांच्या दखनी उर्दूशी माझ्या मराठीचं छान जमायचं.

सकाळी जिना उतरले की त्यांच्या दाराशी मी ओरडायचे, “येते हो खाला!” आतून उत्तर यायचं, “हौ बेटी, जाके आव!” तोंडात पान असो, गॅसवर दूध उतू जात असो, उत्तर कधी चुकलं नाही.

एकदा शेंगा मोडताना मी विचारलं, सारखं काय हो पुटपुटता? “कलमा,” म्हणाल्या. अल्लाहशिवाय पूजेला पात्र दुसरा कोणी नाही, आणि मुहम्मद त्याचे पैगंबर. हे मनापासून मानून म्हटलं की माणूस मुसलमान, बस. मग म्हणाल्या, मरताना शेवटचे शब्द हेच निघायला हवेत. पण आपण पडलो बडबड्या, भलतंच काही बोलून गेलो तर? मी हसले. त्या हसल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. एका सकाळी मी खाली आले तर त्यांची लेक उशाशी बसून हळू आवाजात कलमा म्हणत होती. तूही म्हण, असा आग्रह नाही. नुसता कानावर घालायचा. खालांचे ओठ हलले. अडखळत का होईना, पुरा म्हटला. लेक डोळे पुसत दाराशी आली आणि कुजबुजली, “आता कुणी काही बोलायचं नाही. बोललं की अम्मी उत्तर देणार, मग शेवटचे शब्द तेच होतील.”

बँकेच्या किल्ल्या माझ्याकडे, निघणं भाग होतं. खाला माझ्याकडेच बघत होत्या, रोजच्यासारख्या. आमच्यात ‘जाते’ म्हणत नाहीत, आणि न सांगता तर कुणी उंबराही ओलांडत नाही. अहो, एक ‘येते’ तर म्हणायचं होतं!

मी हात जोडले आणि चपला हातात घेऊन गल्लीत आले.

दुपारी बँकेत लेकीचा फोन आला. अम्मी गेल्या, म्हणाली. नंतर एक शब्दही बोलल्या नाहीत. काउंटरवर ही गर्दी. मी रिसीव्हर ठेवला. आता म्हणायला हरकत नव्हती.

“येते हो खाला,” मी म्हटलं.