मामा आणि येलदरीची वाम

येलदरीच्या जलाशयात होडी लोटण्याआधी मामा डोळे मिटून तळहात पाण्यात धरत. बराच वेळ. मग झोपेत बोलल्यासारखे म्हणत, "इथून कोनतरी गेलंय, माय." आम्हा संशोधनवाल्यांना सदा घाई, पण त्या क्षणी पाणीसुद्धा थांबल्यासारखं वाटे.

मामा आमचे होडीवाले. जन्म मासेमारीत गेलेला. मी त्यांना सांगितलं, मासा अंगाचा चिकटा, खवल्यांचे कण मागे सोडतो. त्यातला डीएनए पाण्यात राहतो. बाटलीभर पाणी गाळून तपासलं की मासा न धरताही त्याचा पत्ता लागतो. मामा हसले. "मंग मी जलमभर दुसरं काय करायलोय?"

त्यांना ध्यास एकच, वामीचा. सापासारखा लांबडा हा मासा येलदरीत कित्येक वर्षांत कुणाच्या जाळ्यात आला नव्हता. संपला, असंच सगळे धरून चालले होते. "लपलीय ती. म्या मरायच्या आत एवढं बघून दे," मामा म्हणायचे.

पहिल्याच तपासणीत वाम निघाली! मी नाचायचीच बाकी होते. पण पडताळणीसाठी एका बाटलीत आम्ही प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी भरलं होतं, तिच्यात काहीच निघायला नको होतं; तर तिच्यातही वामच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पाणी भरायला गेलो त्या दिवशी मामांनी गंगाखेडच्या लेकीकडून गोदावरीची वाम मागवली होती, माझ्या जेवणासाठी. ती स्वतः चिरली आणि माझं लक्ष नसताना त्याच हातांनी माझ्या बाटल्या विसळून ठेवल्या. पाहुणीच्या वस्तू लख्ख हव्यात ना!

हे सांगितल्यावर मामा आपले हात उलटेपालटे करून बघत राहिले. "माज्याच हातानं खोटं झालं म्हन की." मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी वल्हं भावाकडे दिलं आणि हात बगलेत दाबून बसले. पाण्याला बोट लावलं नाही. धुकं इतकं होतं की होडी पाण्यावर आहे की ढगात, कळत नव्हतं. मामा नुसते बघत होते, लहान मुलासारखे.

यावेळी शुद्ध पाण्याची बाटली कोरी निघाली आणि एका दूरच्या कोपऱ्यातल्या पाण्यात वाम सापडली. मी धावत सांगायला गेले, तोवर मामांनी अंथरूण धरलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. माझा हात धरून ते हळूच म्हणाले, "हाय ना? बास. आता जागा कुनाला सांगू नगंस, माय. जाळी घेऊन पळतेत लोकं."

त्याच महिन्यात मामा गेले. जलाशयात वाम आहे, एवढंच मी अहवालात लिहिलं. कुठे, असं कुणी विचारलं की मी खुशाल खोटं बोलते, आठवत नाही म्हणून.