मावशीचा रकाना

मुकुंदवाडीच्या त्या आधारगृहात जे काही आलं ते माझ्या भांडणानं आलं. गच्चीवरची टाकी, खिडक्यांच्या जाळ्या, महिन्याला येणारी डॉक्टरीण, सगळं. मनोरुग्णांच्या दवाखान्यातून बऱ्या होऊन बाहेर पडलेल्या, पण घरचं कुणी न्यायलाच आलं नाही, अशा बायकांचं ते घर. भाड्याची बंगली, सरकारी अनुदान, चालवणारी एक संस्था. मी संस्थेची कुणी नाही. आठवीत शाळा सुटली माझी, पण माहिती अधिकाराचा अर्ज कसा ठोकायचा ते औरंगपुऱ्यातल्या टायपिंगवाल्यांना मी शिकवलंय. नाव सुलेखा, पण सरकारी कचेऱ्यांत मला ‘आकडेवाली बाई’ म्हणतात. कारण कुठलीही बैठक असो, मी उभी राहते आणि एकच विचारते, “साहेब, हा आकडा आणला कुठून? तिथं गेलं होतं का कुणी?”

बहुतेक वेळा कुणी गेलेलं नसतं. राज्यात अशी घरं किती, त्यात माणसं किती, हे सगळं फोनवर चालतं. खाटा वीस मंजूर असल्या की माणसं वीस लिहितात. त्या खाटांवर गाद्यांचा ढीग पडलेला असो, नाहीतर दोन-दोन बाया झोपत असोत.

तर एवढं सगळं मी केलं, आणि त्या घरातल्या बाया कुणाच्या? सरूबाईच्या.

सरूबाई कन्नड तालुक्यातली. नवऱ्यानं टाकल्यावर भावाच्या घरी राबली, भावाची लेकरं वाढवली. भाऊ गेला, तशी त्याच लेकरांनी तिला एसटीत बसवून दिली. स्टँडवरच्या बाकड्यावरून पोलिसांनी उचलली, डोकं फिरलंय म्हणून दवाखान्यात गेली, आणि तिथून इथं आली. आली त्या दिवशी ती थेट स्वयंपाकघरात शिरली ती शिरलीच. त्या घरात स्वयंपाकिणीची जागा मंजूर होती, पण भरलेली कधी नव्हती. सरूबाईनं परात ओढली आणि विषय संपला. बाया तिला मावशी म्हणायला लागल्या.

मी केळी घेऊन गेले की बाया खाटेवरून उठून उभ्या राहतात. “या मॅडम.” केळं दोन्ही हातांनी घेतात, जणू मी झेंडावंदनाला आलेय. आणि सरूबाईनं तव्यावरच्या भाकरीची करपलेली पापडी मोडून फेकली की तिच्यासाठी मारामाऱ्या! हसणं, चिमटे, “मावशी, तिला मोठी दिली गं.” मी पायरीवर बसून बघायचे, आणि कानशिलं तापायची.

कडूबाईचं तर मी विसरणारच नाही. ह्या कडूबाईला मुकुंदवाडी स्टेशनच्या फलाटावरून मी उचलली. घाटी दवाखान्यात तिच्यासाठी रांगेत मी उभी राहिले. कितीतरी महिने ती एक शब्द बोलली नव्हती. मी तिच्यासमोर बसून बसून थकले, “बोल कडू, मी हाय ना.” दगडाला पाझर नाही. आणि एका दुपारी जेवताना तिनं तोंड उघडलं. काय बोलली? “मावशी, मीठ.”

सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण त्या रात्रीचं जेवण मला गोड लागलं नाही, खरं सांगते.

मागच्या वर्षी घरमालकानं बंगली पाडायला काढली. सरकारनं बीड बायपासकडं नवी इमारत दिली. चांगली बातमी होती. अधीक्षिका सोनिया, पोरगी हुशार पण घाबरट, ती सगळ्यांना बसवून कोण कुठं झोपणार ते सांगत होती. अकरा खाटा, अकरा नावं. मी म्हणाले, “आणि सरूबाई?”

सोनिया टॅबकडं बघत म्हणाली, “मॅडम, मावशी कर्मचारी आहेत. त्यांची ड्युटी सकाळी येऊन संध्याकाळी जायची.”

“जायची कुठं?”

 आधी सोनिया कानकोंडी झाली, मग रडकुंडीला आली. खोदून विचारलं तेव्हा कळलं. मोजणीचा फोन आला होता तिला. “किती जणी राहतात?” तिनं खरं तेच सांगितलं होतं, “अकरा जणी, आणि मावशी.” आता आपल्याकडं दवाखाना असो, वसतिगृह असो, शाळा असो, झाडू-पोछा आणि चहापाण्याच्या बाईला सगळे मावशीच म्हणतात. फोनवरच्या माणसानं अकरा निवासी लिहिले आणि मावशीला कर्मचाऱ्यांच्या रकान्यात टाकलं. झालं! स्वयंपाकिणीची जागा भरली आणि सरूबाईची खाट गेली. वरती सगळे खूश, आकडा बरोबर जुळत होता.

माझं डोकं सणकलं. मी तिथल्या तिथं फेरमोजणीची तक्रार लिहायला बसले. तेवढ्यात मागून सरूबाई म्हणाली, “काय लिव्हती गं पोरी?”

“तुझी खाट परत मागते.”

“मला काय म्हनले ते त्या टॅबात?”

“कर्मचारी.”

म्हातारी अशी फुलली, की जणू तिला सरकारनं फेटा बांधला. बाकीच्या बायांकडं वळून म्हणाली, “ऐकलं का? डुटी हाय माझी.”

“अगं ए, डुटीवाले! रात्री झोपशील कुठं? स्टँडवर?”

“बघू की.”

“काय बघू? पगार देतात का तुला?”

“नसंना पगार. नाव तर लागलं.” मग ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात बोलली. एरवी तिचा आवाज तवा आदळल्यासारखा. “भावाच्या घरी जल्मभर राबले मी. दारात कुनी आलं अन् इचारलं, ही कोन, तर काय म्हनायचे? ‘बहीण हाय, ऱ्हाती आमच्याकडं.’ ऱ्हाती! पानी मी भरायचं, शेण मी काढायचं, अन् ऱ्हाती. आता कुनीतरी लिव्हलंय का मी काम करती. ते तू खोडू नगं.”

मी शेकडो अर्ज लिहिलेत. ‘निवासी’ हा शब्द कुणाला शिवीसारखा लागत असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण म्हणून काय मी माघार घेते? “तू राहायलाच पाहिजेस,” मी ओरडले, “पुन्हा स्टँडवर मला दिसलीस तर बघ!” आणि तक्रार दिली.

फेरमोजणीचा दिवस ठरला. मी बायांना बजावलं, “साहेब आल्यावर मावशी म्हणायचं नाय. सरूबाई म्हणायचं. आणि तू, म्हातारे, खाटेवर बसायचंस. हात मांडीवर. स्वयंपाकघरात पाय टाकलास तर खबरदार.” सरूबाई खाटेच्या कडेला अशी बसली, की जणू दाताच्या डॉक्टरकडं नंबर लावलाय.

मोजायला आलेला राजकुमार नावाचा माणूस कंत्राटी होता. चाळिशीचा, पोटाला टॅब टेकवलेला, उन्हानं लालबुंद. मला तो ओळखत नव्हता. मी दाराशी उभी, कामाची साडी, पदर खोचलेला. आत येऊन पंख्याखाली बसला, आणि कुणाकडंही न बघता त्यानं हाक मारली, “मावशी, जरा पाणी द्या.”

सरूबाई उठली. अंगवळणीच पडलेलं तिच्या. अर्धी उठली असेल, तेवढ्यात मी तिचा खांदा दाबून खाली बसवली, “बस गं!” आणि तांब्या-पेला घेऊन मीच गेले.

त्यानं पाणी प्यायलं, माझ्याकडं बघितलं आणि टॅबवर बोट टेकवलं. “ह्या मावशी. कर्मचारी एक. बरोबर?”

 मी आकडेवाली बाई. खोटा आकडा सांगणाऱ्या साहेबांना भर बैठकीत घाम फोडणारी. माझ्या जिभेवर आलं होतं, की अरे बाबा, ही जागा रिकामी आहे, तेही लिही. पण हा म्हणणार, मग मागच्या वेळची मावशी कोण होती? आणि बोट पुन्हा सरूबाईच्या खाटेकडं वळणार.

“बरोबर,” मी म्हणाले.

“चहा टाका मग, मावशी. साखर जास्त.”

कडूबाईनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती. माझ्यावर! माझ्याकडं बघून ती पहिल्यांदाच हसली.

मी आत चहा ठेवला. बाहेरून राजकुमारचा आवाज आला, “त्या सुलेखा मॅडम कोण हो? वैताग आणलाय तक्रारींनी. आल्या नाहीत आज?”

कडूबाई म्हणाली, “येत्यात कधीमधी. लई वरडत्यात.”

सगळी खोली फिदीफिदी हसली. मी पातेलं चिमट्यात घट्ट धरून उभी होते. एरवी कुणी असं बोललं असतं तर मी त्याची कॉलर धरली असती. दूध उतू गेलं. मी चहा नेऊन दिला तर एक घोट घेऊन म्हणतो, “फिका झालाय, मावशी.”

आणि मग तो सरूबाईच्या खाटेशी गेला. “आजी, तुम्ही इथं राहता का?”

   म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या खोचलेल्या पदराकडं, साडीवर सांडलेल्या दुधाकडं. फार वेळ पाहिलं.

“ऱ्हाती,” ती म्हणाली. “पर नुसती ऱ्हात नाय.”

त्यानं पहिला शब्द ऐकला आणि बोट टेकवलं. पुढचं वाक्य टाकायला त्याच्या टॅबात जागा नव्हती.

नव्या इमारतीत बारा खाटा लागल्या. सरूबाईची खिडकीपाशी. सोनियानं पेढे वाटले. मी म्हणाले, “आता पुढचं. स्वयंपाकिणीची जागा रिकामी आहे, बाईमाणूस नेमा म्हणून तक्रार देते. म्हातारीनं किती दिवस थापायच्या भाकरी?”

सोनिया जमिनीकडं बघत म्हणाली, “मॅडम, ती जागा भरलेली दिसते. त्या जागेवर तुम्ही आहात.”

भांडू कुणाशी? चोख आकडा माझ्याच सहीच्या तक्रारीतून निघाला होता, आणि त्यात बसलेली खोटी बाई मीच.

परवा गेले. बाया उठून उभ्या राहिल्या, “या मॅडम.” जीव जळला. केळी ठेवली आणि तडक स्वयंपाकघरात घुसले. सरूबाई तव्यापाशी होती. माझ्याकडं न बघता तिनं परात पुढं सरकवली.

“मळ. डुटी तुझी हाय ना?”

“माझी नसली तरी मळते. सरक.”

“पानी बेतानं. मागल्या बारीला चहाचं पानी केलं व्हतं तू.”

मी पीठ मळत होते, ती थापत होती. बाहेर ताटं मांडली होती. तेवढ्यात कडूबाईची हाक आली, “मावशी, मीठ!”

दोघींनी मान वर केली. हाक तिला होती, ते मला काय कळत नाही? पण तिचे हात तव्यावर होते. मिठाचा डबा मी आधी पकडला.