हार घातलेल्या गाड्या

झेंडूचा वास आला की देवासची ती खंडेनवमी आठवते. महिनाभर ज्या सुपरकार्सची वाट पाहिली, त्या माझ्या कंप्यूटरवरच्या रेसिंग गेममध्ये त्याच दिवशी आल्या. डाउनलोड लावून मी अंघोळीला गेलो, तेवढ्यात कारखान्यातली मशीनपूजा आटोपून आलेल्या बाबांनी कंप्यूटरलाही हळदकुंकू वाहून हार घातला. "आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही." पडदा काळा पाहून मी विचारलं, "बाबा, बंद तर नाही ना केलंत?" "अरे भिया," बाबा माळवी लकबीत म्हणाले, "पूजेतल्या यंत्राला मी तरी हात कसा लावणार?" दसऱ्याला सकाळी हार काढून माउस हलवला, तर सगळ्या गाड्या येऊन उभ्या होत्या. जीव भांड्यात पडला. यंदा खंडेनवमीला मी खरी गाडी आणली. बाबांनी हार घातला. मी चावी मागितली, तर म्हणाले, "उद्या."