पेल्यात राहिलेला वस्तरा

माझ्या वडिलांनी दोन वस्तू कधी कुणाच्या हातात दिल्या नाहीत. एक द्राक्षबागेतली छाटणीची कात्री आणि दुसरा त्यांचा दाढीचा वस्तरा. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि दोन्ही वस्तू एका आठवड्यात त्यांच्या हातून सुटल्या. कात्री भावाकडे गेली, तो निफाडजवळ गावी बाग बघतो. वस्तरा माझ्याकडे आला, कारण वडीलच माझ्याकडे आले. दवाखाना, व्यायाम करून घेणारा माणूस, सगळं नाशिकला होतं.

मी आधी दुकानातून प्लास्टिकचं रेझर आणलं होतं. त्यांनी ते डाव्या हातात धरून उलटंसुलटं पाहिलं.

"हे खेळणं हाय. माझा वस्तरा आन."

त्यांचं बोलणं जड झालं होतं, हुकूम सोडणं नव्हतं. मी बँकेत नोकरी करते. माणसाच्या गळ्यावर उघडं पातं धरायचं शिक्षण मला कुणी दिलेलं नव्हतं, ते त्यांनी खुर्चीत बसून दिलं. चामड्याचा पट्टा खिडकीच्या गजाला अडकवायचा, ताणून धरायचा. पातं पट्ट्यावर निजवायचं, वर जाताना आणि खाली येताना पाठीवर वळवायचं, धारेवर नाही. पहिल्या आठवड्यात मी पट्ट्याला दोन चिरा पाडल्या. त्यांनी फक्त डोळे मिटून घेतले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

धारेपेक्षा त्यांचा जीव पुसण्यावर जास्त होता. दाढी झाली की साबणाचा फेस धुवायच्या आधी, गालाला तुरटी लावायच्या आधी, वस्तरा पुसायचा. जुन्या धोतराचा मऊ तुकडा त्यासाठीच ठेवलेला. पातं आणि मूठ जिथे जोडलेली असतात तिथे पाणी लपून बसतं, म्हणून तो कपडा टोक करून खिळ्याभोवती फिरवायचा. मग वस्तरा अर्धा उघडा ठेवून वाळू द्यायचा, तेलाचं बोट फिरवायचं आणि मगच डबीत. खोबरेल थंडीत थिजतं, म्हणून दिवाळीनंतर शिलाई मशीनचं तेल. हे सगळं होईपर्यंत ते अर्धवट फेसाच्या तोंडाने माझ्याकडे बघत बसायचे.

"बाबा, तुमचं तोंड वाळतंय."

"वाळू दे. त्वांड गंजत नाय."

दाढी नेहमी डाव्या गालापासून. ती बाजू जिवंत होती, तिथे चुकलं तर त्यांना कळायचं. उजवा गाल सैल पडला होता, बधिर. डाव्या अंगठ्याने कानाजवळची कातडी वर ताणून धरली तरच वस्तरा सरळ चालायचा. "तिकडचं मला काय कळत नाय," ते म्हणायचे, "तूच बघ." म्हणून उजव्या गालाला मी दुप्पट वेळ घ्यायची. सव्वा वर्षात त्या गालावर एकदाही रक्त काढलं नाही, याचा मला अभिमान होता. अजूनही आहे.

त्या सकाळी डावा गाल झाला होता. मी पातं पेल्यातल्या कोमट पाण्यात बुडवलं आणि उजवीकडे यायला स्टूल सरकवलं. त्यांनी एक श्वास घेतला, तो मोठा होता. मी पुढच्याची वाट पाहिली. वस्तरा पेल्यात सोडला, पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि त्यांच्या छातीवर हात ठेवला. नंतर फोन केले. डॉक्टर आले, शेजारचे आले, दुपारपर्यंत गावाकडून दोन गाड्या आल्या.

अंघोळ घालताना मला दिसलं की उजव्या गालावर दोन दिवसांची पांढरी खुंटं तशीच आहेत आणि फेस वाळून त्यांच्यात अडकला आहे. मी आत्याला म्हटलं, एवढी बाजू करून घेते, पाच मिनिटं लागतील.

"आता कुठं अंगाला लोखंड लावते, बाई," आत्या म्हणाली. "बाहेर मानसं खोळंबलीत."

मी बरं म्हटलं. मला भांडता आलं असतं. मी एरवी भाजीवाल्याशीसुद्धा भांडते. पण त्या वेळी मला काहीच वाटत नव्हतं. वाईट वाटत नव्हतं आणि घाईही वाटत नव्हती. कुणीतरी ओल्या फडक्याने त्यांचा फेस पुसला आणि अर्धी दाढी केलेल्या अवस्थेत त्यांना नेलं. पायजम्याला इस्त्री नसली तर ते दारात येत नसत.

आमच्याकडे प्राण गेला तिथे दिवा लावतात आणि शेजारी पीठ पसरून टोपलीने झाकतात. दुसऱ्या दिवशी टोपली उचलून बघतात की पिठावर कसली खूण उमटली. आत्याला पक्ष्याचा पाय दिसला. काकूला गाईचा खूर दिसला. दोघींचा थोडा वाद झाला. मी पिठाकडे वाकले तेव्हा माझी नजर वर गेली आणि कट्ट्यावर पेला दिसला. त्यात वस्तरा उभा होता.

दिव्याच्या जागेवरचं काही हलवायचं नाही, असं सगळे म्हणत होते. पण मला कुणी पेल्याबद्दल बोललं नव्हतं. हात लांबवला असता तर पोचला असता. मी रोज दिव्यात तेल घालायला तिथे जायची, रोज पेल्याकडे बघायची आणि परत यायची. पाणी खाली खाली जात होतं, आधी पिवळं झालं, मग तपकिरी. येणारे-जाणारे पाठीवरून हात फिरवून म्हणायचे, रड, मोकळी हो. माझ्यात काही अडकलेलंच नव्हतं. दहाव्याला रामकुंडावर भावाने मुंडण केलं. तिथल्या माणसाने नवं कोरं ब्लेड मोडून लावलं आणि काम झाल्यावर फेकून दिलं.

तेरावा झाला, माणसं गेली आणि मी पेला उचलला. पात्यावर गंज चढला होता. मूठ जोडतात तो खिळा तर बुजूनच गेला होता.

चौकशी करत भद्रकालीतल्या एका गल्लीत पोचले. तिथे एक म्हातारे मुसलमान कारागीर धार लावून देतात. पुढे चाकावर खाटकांच्या सुऱ्या, कात्र्या चालल्या होत्या. त्यांनी वस्तरा बघितला आणि चाक बंद केलं.

"ये चाकावर नाही चालत, ताई. हाताने करावं लागतं. गंज वरचा आहे, पण धारेला खड्डे पडलेत. घासावं लागेल, पातं बारीक होईल. वापरनार कोण?"

"वडील," मी म्हणाले.

ते तोंडातून गेलं. मागे घ्यावंसं वाटलं नाही. त्यांनी दगडावर पाणी शिंपडलं आणि तासभर पातं फिरवत राहिले, पाठीवर वळवत, एकदाही धारेवर नाही. मी बाकावर बसून बघत होते. शेवटी त्यांनी मनगटावरचे दोन केस उडवून पाहिले, पातं पुसलं, खिळ्याभोवती कपड्याचं टोक फिरवलं आणि वस्तरा माझ्या हातात दिला.

"वालिदसाहेबांना सांगा, वापरून झाला की लगेच पुसत जा. ओला ठेवला म्हनून हे झालं. उमर झाली की विसर पडतो मानसाला."

मी मान हलवली आणि निघाले. रिक्षापर्यंत गेले, एक पाय आत ठेवला. चाळीस वर्षं त्या पात्यावर पाण्याचा थेंब राहिला नव्हता. आणि आता एका परक्या गल्लीत ते विसराळू म्हातारे ठरले होते, मी मान हलवली म्हणून. रिक्षावाल्याला थांब म्हटलं आणि परत गेले.

"ते विसरले नव्हते," मी म्हणाले. "ते गेले. पाण्यात मी ठेवला. रोज दिसत होता, तरी ठेवला."

चाकाचा आवाज थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा आवाज चढला होता, शेजारच्या दुकानातली माणसं वळून बघत होती.

"बरं," ते सावकाश म्हणाले. "मग तुम्ही पुसत जा."

मी पुसते. दर रविवारी सकाळी, धोतराच्या त्याच तुकड्याने. वस्तरा आता ओला होतच नाही, तरी खिळ्याभोवती टोक फिरवते, तेलाचं बोट लावते. मग पट्टा गजाला अडकवून थोडी धार लावते. धार उत्तम आहे. पातं उजव्या हातात धरून उचललं की माझा डावा अंगठा आपोआप वर जातो, कातडी ताणायला. तिथे कुणी नसतं. उजवा गाल राहिला, आणि तो कुणामुळे नाही, माझ्यामुळे राहिला. मी बरं म्हटलं म्हणून.